लबाड ओळ

मूल वाचायला लागलं की ते आपल्या अंगाला टेकतं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण परळच्या एका शाळेत मी आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतला, त्यामुळे माझ्या उजव्या दंडाला ते ठाऊक आहे. बोलणारं मूल कुठेही असतं, बाकावर, बाकाखाली, दाराबाहेर. गाणं म्हणणारं मूल उड्या मारतं. पण पुस्तक समोर धरून, अक्षराला अक्षर जोडत मोठ्याने वाचणारं मूल हळूहळू कलत येतं आणि शेवटी त्याचं सगळं वजन आपल्या दंडावर पडतं. दमतं बिचारं. पहिलीत वाचन हे अंगमेहनतीचं काम असतं.

मला माझ्या नातीचं ते वजन हवं आहे. तेवढ्यासाठी तिला मराठी वाचायला शिकवायचा घाट मी घातला. लेक विचारते, "आई, तिकडे मराठी वाचून ती करणार काय?" तेव्हा मातृभाषा, संस्कार वगैरे जे सांगायचं असतं ते मी सांगते. ते खोटं नाही. पण नात कॅनडात, मी लालबागला, आणि फोनवर "जेवलीस का, थंडी आहे का, शाळेत काय केलंस" एवढं झालं की आमच्या दोघींचं बोलणं संपतं. ती कॅमेऱ्यातून निघून जाते आणि मी तिच्या घराचं छत बघत बसते. वाचणारं मूल असं पळत नाही. ओळ संपेपर्यंत तरी बसतं.

माझी शिकवायची रीत साधी होती. मी यमकावर भिस्त ठेवायची. मोठ्यांना वाटतं मूल डोळ्यांनी वाचतं. पहिलीतलं मूल निम्मं कानाने वाचतं. 'ताजी' वाचताना ज्याला घाम फुटलाय, त्याला खालच्या ओळीच्या शेवटी 'आजी' आधीच ऐकू आलेली असते. डोळ्यांनी फक्त तिथवर चालत जायचं. वाट ओळखीची वाटली की मूल चालतं, एवढं मला कळलं होतं. पाठ्यपुस्तकातल्या कविता मला पुरायच्या नाहीत. शिवाय त्यात सगळीकडे ओढे आणि मोर. आमच्या पोरांनी मोर पाहिला असेल तर राणीच्या बागेत, तोही पाठमोरा. म्हणून कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी घरीच जुळवाजुळव करायची आणि सकाळी फळ्यावर लिहायची. कविता म्हणावं असं त्यात काही नव्हतं, आणि तसा माझा दावाही नव्हता.

दादरच्या बाजारात भाजी ताजी,
पिशवी घेऊन निघाली आजी.

किंवा हे:

परळच्या नाक्यावर थांबली बस,
कंडक्टर म्हणाला, आत बस.

हे दुसरं फार चालायचं. शेवटच्या शब्दाला सगळा वर्ग धपकन बाकावर बसायचा. एक बस चाकांवर धावते आणि दुसरी आपण बसतो ती, आणि लिहायला दोन्ही सारख्याच, याचं पोरांना इतकं अप्रूप वाटायचं की त्या दिवशी पुढचं काही शिकवायची सोय नसायची.

मग एक गंमत झाली. त्या दिवशी ती गंमत नव्हती, माझा संताप झाला होता. वर्गात एक मुलगा होता, नायगावच्या चाळीतून यायचा. आवाज खणखणीत, तोंडावर आत्मविश्वास. मोठ्या बाई वर्गात आल्या की मी त्यालाच उभा करायची. एकदा त्या आल्या, मी त्याला उठवलं, त्याने पुस्तक उघडलं आणि कविता अशी वाचली की बाईंनी मान डोलावली. बोटसुद्धा ओळीखालून फिरवत होता. त्या गेल्यावर मी शाबासकी द्यायला त्याच्या मागे गेले, तर हातात गणिताचं पुस्तक. बेरजांवरून बोट फिरवत पठ्ठ्या कविता वाचत होता! मी एकेकाला जवळ बोलावून तपासलं. निम्मा वर्ग तसाच. यमक जुळलं होतं, गाणं पाठ झालं होतं, आणि अक्षरांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी यमकावरच चिडले. ज्याच्या भरवशावर मी पोरांना वाटेला लावलं, त्यानेच त्यांना डोळे मिटून चालायला शिकवलं. चहा गार होईपर्यंत विचार केला. कानाला पुढचा शब्द इतका हवाहवासा झालेला असतो की तो डोळ्याला बघूच देत नाही, तिथे मूल अडकतं. मग कानाची जरा खोड मोडली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी मी फळ्यावरची 'आजी' पुसली आणि तिथे 'म्हैस' लिहिलं.

वर्गाने नेहमीच्या ठेक्यात सुरुवात केली. दादरच्या बाजारात भाजी ताजी, पिशवी घेऊन निघाली आजी! सगळ्यांनी आजीच म्हटलं, माझ्या त्या हिरोने तर सगळ्यात मोठ्याने. फक्त शेवटच्या बाकावरची एक मुलगी मध्येच थांबली. अगदी मुकी, वर्षभरात जेमतेम हजेरी देण्याइतकं बोललेली. तिचं बोट फळ्याच्या दिशेने हवेत राहिलं, तोंड उघडं. आणि मग ती जी हसायला लागली! "बाई, म्हैस! म्हैस निघाली पिशवी घेऊन!" बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा खरोखर वाचलं. तिला वाचता येत होतं आणि मला पत्ता नव्हता.

तेव्हापासून दर आठवड्याला कधीतरी, न सांगता, मी एक शब्द बदलायची. कंडक्टर म्हणाला, आत नाच. पोरांनीच त्याला नाव दिलं, लबाड ओळ. सकाळी वर्गात शिरल्या शिरल्या विचारायची, "बाई, आज लबाड ओळ आहे?" मी म्हणायची, "मला काय माहीत, फळ्याला विचारा." एका सहकारी बाईंना हे पटायचं नाही. मुलांना मुद्दाम फसवणं बरं नव्हे, म्हणायच्या. मी फसवत होते हे खरंच आहे. पण त्यासाठी मी एक नियम केला होता आणि तो कडक होता. जो फसेल त्याला दुसऱ्या कोणी आधी हसायचं नाही. त्याने स्वतः आधी हसायचं, मग सगळ्यांनी. आणि मग त्यानेच बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचायची, लिहिलंय तशी. या नियमाने पोरं फसायला घाबरायची नाहीत. आणि ज्या दिवशी एखादं मूल न फसता आपणहून खुदकन हसायचं, त्या दिवशी त्याला वाचता आलं असं मी धरायची. परीक्षा पुढे सवडीने व्हायची.

माझी लेकही याच ओळींवर वाचायला शिकली, पण ती माझ्याच घरात असल्यामुळे तिला सगळ्या लबाड्या आदल्या दिवशीच कळायच्या. तिचं ते हसू मला कधी मिळालंच नाही.

पुढे मराठीचा वर्ग आटत गेला. आधी एक तुकडी गेली, मग उरलेलीत बाकं जास्त आणि पोरं कमी. आईबापांना दोष देऊन मी खूप भांडलेय, घरी आणि घराबाहेर, त्याचा उपयोग शून्य. मी निवृत्त झाले, आमची चाळ पाडून त्याच जागी टॉवर उभा राहिला आणि मला इतक्या उंचावर घर मिळालं की खाली पोरं ओरडली तरी ऐकू येत नाहीत. शाळा खिडकीतून दिसते. तिचं छप्पर दिसतं, इतकंच. दुपारी सगळं शांत असलं की माझा कान आपोआप तिकडे लागतो. एका सुरात वाचणाऱ्या वर्गाचा आवाज गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यासारखा घुमतो, तो मला फार आठवतो. आठवतो म्हणजे छातीत दुखतो, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या मे महिन्यात लेक नातीला घेऊन आली. जावयाला सुट्टी नव्हती. नात मराठी छान बोलते, पण तिची सगळी मराठी आईकडून आलेली, म्हणून तिच्याकडे 'आटप', 'पसारा' आणि 'हात धू' हे शब्द मुबलक आहेत. अक्षरं तिने भराभर उचलली. चहातला च आणि चमच्यातला च लिहायला एकच का, यावरून माझ्याशी भांडली. एकदा मी लिहिलं होतं, सगळं जग झोपलं. तिने नीट वाचलं आणि टेबलावरच्या पाण्याच्या जगाकडे बघत विचारलं, "आजी, पण तो उभा आहे की!" मी इतकी हसले की लेक स्वयंपाकघरातून धावत आली.

आणि नात टेकली. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागे मी जाड स्केचपेनने ओळी लिहायची, ते पान गादीवर पसरायचं आणि दोघी पोटावर पडून वाचायचो. एका दुपारी ती 'पिशवी'तल्या 'शि'पाशी अडखळली, दमली आणि माझ्यावर कलली. मग तशीच राहिली. डोक्याला खोबरेल तेलाचा वास, खांद्याचं टोकदार हाड माझ्या दंडात. दंडाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही.

पण गाडी पुढे सरकेना. तिची पाठ करण्याची ताकद अफाट. दोनदा ऐकलं की तिला ओळ पाठ, आणि मग बोट अक्षरांवरून गाडीसारखं पळवायची. मी शब्द बदलला. 'आजी' काढून 'म्हैस' लिहिलं. तिने वाचलं, "निघाली आजी," आणि 'आजी' म्हणताना माझ्या पोटात बोट खुपसलं. मी 'हत्ती' लिहिलं. आजी! 'पोलीस' लिहिलं. आजी, आणि पोटात बोट! तिच्यासाठी त्या ओळीत दुसरं कोणी असणं शक्यच नव्हतं. माझ्यातल्या शिक्षिकेला राग येत होता आणि आजीला रडू. मी रोज ठरवायची की आज 'नीट बघ' म्हणून सांगायचं, आणि ते पोटात शिरणारं बोट आलं की राहून जायचं. लबाड ओळीला न हसताच ती परत गेली.

जाताना लेक बॅग भरत होती. "आई, कोकमं देतेस ती दे, पण हे कागद कशाला? वजन बघ." मी म्हटलं, कोकमं काढ. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कागदांची गुंडाळी कोकमांशेजारी खोचली.

त्यानंतर रविवारी सकाळी माझ्याकडे चहा आणि त्यांच्याकडे शनिवारची रात्र, असा आमचा वर्ग सुरू झाला. ती पान धरायची, मी ऐकायची. मधेच मी तिला माझ्या वर्गाच्या, लबाड ओळीच्या आणि आधी कोणी हसायचं त्या नियमाच्या गोष्टी सांगायची. बोट कुठे आहे ते मला दिसायचं नाही, टेकणं तर दूरच. कधी तिचं पोहणं असायचं, कधी कोणाचा वाढदिवस, कधी झोप. रविवार सुटायचे. मी पोस्टाने नवी पानं पाठवली. पाडव्यानंतर मी लेकीला विचारायला लागले, "तिकिटं काढलीत का गं?" ती म्हणायची, "बघू गं आई." माझ्या घरात वाढलेली मुलगी, तिचं 'बघू' मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही. मी दादरला जाऊन गादीला नवं कव्हर आणलं, बाजारात आंब्याचा भाव विचारून आले, आणि उरलेल्या कॅलेंडरच्या पानांवर मे महिन्यासाठी ओळी लिहून ठेवल्या. त्यातल्या निम्म्या लबाड होत्या. या सुट्टीत ती हसणार, असं मी मनाशी धरून बसले होते.

मागच्या रविवारी फोन वाजला. उचलला तर नात एकटीच कॅमेऱ्यासमोर, पायजम्यात, केस विस्कटलेले. मागे लेक कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आजी, आज मी बाई. मी लिहिलंय. तू वाच."

"तू लिहिलंस? मराठीत?"

"हो. मोठ्याने वाच हं. अख्खा वर्ग ऐकतोय." वर्ग म्हणजे सोफ्यावर बसवलेली दोन टेडी.

तिने कागद समोर धरला. आधी उलटा, मग सुलटा. मोठी वाकडी अक्षरं, डोक्यावरची रेघ मोडकी, 'घेऊ' आणि 'खाऊ'तला ऊ ऱ्हस्व. शिक्षिकेच्या डोळ्याला चुका आधी दिसतात, काय करणार. पण अक्षरं तिची होती. मला अक्षरं धूसर व्हायला लागली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वर्गात वाचायची तशी खड्या आवाजात वाचलं:

"आंबे घेऊ, आंबे खाऊ,
सुट्टीत आजीकडे जाऊ!"

नातीचे डोळे मोठे झाले, गाल फुगले. दुसऱ्याने आधी हसायचं नाही, हा नियम तिला मी शिकवला होता आणि ती तो जिवाच्या आकांताने पाळत होती. तिच्या मागे लेकीचे हात घडीवर थांबले होते.

"आजी," नात दाबलेल्या आवाजात म्हणाली, "तू वाचलंच नाहीस. तू मनानेच म्हटलंस. बोट ठेव."

मी बोट फोनच्या काचेवर ठेवलं. ठेवल्याबरोबर खाली कसलीकसली बटणं उगवली. फोन बंद होईल म्हणून घाईने उचललं आणि काचेपासून जरा अंतरावर हवेत धरलं. सुट्टीत. आजीकडे. बोट पुढे नेलं. तिथे 'जाऊ' नव्हतं. तिथे लिहिलं होतं, नाही.

"आई, मी आज सांगणारच होते," लेक मागून म्हणाली. "अगं, या वर्षी दोघांनाही रजा..."

"मध्ये बोलू नकोस," मी म्हटलं. "वर्ग चालू आहे."

वर्षानुवर्षं मी लबाड ओळी लिहिल्या. म्हैस कधी पिशवी घेऊन बाजारात गेली नाही, कंडक्टर कधी कोणाला नाच म्हणाला नाही. खरी असलेली लबाड ओळ मी ही पहिलीच पाहिली. पोरीने घरात ऐकलं असणार, आणि यमक मोडायला तिला आयता शब्द सापडला असणार. त्यात माझं काही दुखेल हे तिच्या गावीही नव्हतं. तिला हवं होतं तसं मी फसले होते, आणि फसलेल्याने आधी हसायचं असतं. ती वाट बघत होती.

मी हसले. आधी नुसता आवाज काढला, मग तिचे फुगलेले गाल बघून खरंच हसू आलं. आणि ती सुटली. "फसली! आजी फसली!" करत टेडींसकट सोफ्यावरून खाली आली. हे हसू ऐकायला मी गेलं वर्षभर थांबले होते. ते मला मिळालं, आणि मिळालं तेव्हा माझं बोट हवेत 'नाही'पाशी होतं.

"आता नीट वाच," ती म्हणाली. हुबेहूब माझा आवाज.

"सुट्टीत आजीकडे नाही," मी वाचलं.

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर. शाबास. दोन ठिकाणी ऊ दीर्घ हवा."

"आता मी वाचते. खरं खरं."

तिने कागद आपल्याकडे वळवला, आईशेजारी जाऊन बसली आणि बोट ठेवलं. या वेळी बोट पळालं नाही. आंऽबे. घेऽऊ. एकेका अक्षरापाशी थांबत, ओठ हलवत ती वाचत होती, आणि 'सुट्टीत'च्या जोडाक्षरापाशी दमून हळूहळू कलत गेली. कलता कलता तिचं डोकं आईच्या दंडाला टेकलं. घडी घालायचा टॉवेल लेकीच्या हातात तसाच राहिला. तिने दंड हलवला नाही.